तुटलेलं बोट जपायची दुहेरी पिशवी: पिशवी चांगली, सोबतचा थंड पॅक कच्चा

करवत, प्रेस किंवा कापणी यंत्र चालतं अशा ठिकाणच्या प्रथमोपचार पेटीत ठेवायला एक चपटं पाकीट मिळतं. तुटून पडलेलं बोट किंवा पंजा दवाखान्यात नेईपर्यंत टिकवायचा, एवढंच त्याचं काम. आत साधारण सारख्याच वस्तू असतात: एक निर्जंतुक आतली पिशवी, तिच्याभोवती बसणारी मोठी बाहेरची पिशवी, गॉजचे एक-दोन तुकडे, मुठीने दाबला की थंड होणारा पॅक, नाव-वेळ लिहायची चिठ्ठी आणि सूचनांचा कागद. काही पाकिटांत सलाइनची छोटी बाटली असते, बऱ्याच पाकिटांत नसते. पाकिटं बनवणारे वेगवेगळे असले तरी घडण एकच, म्हणून हे परीक्षण कुठल्या एका नावाचं नाही, या वस्तूचं आहे.

निकाल आधीच सांगतो. पिशवी घ्यावी. थंड पॅकवर भिस्त ठेवू नये. सलाइन आणि बर्फाची सोय आपली आपण करावी, कारण नेमकं तेच बहुतेक पाकिटांत अपुरं असतं.

पिशवीकडून काय हवं, ते तुटलेल्या भागाच्या आत काय घडतं यावरून ठरतं. रक्तपुरवठा थांबला तरी पेशी लगेच मरत नाहीत, उरलेल्या प्राणवायूवर आणि साखरेवर त्या काही काळ तग धरतात. तापमान दहा अंशांनी उतरलं की त्यांची गरज ढोबळमानाने निम्मी होते. म्हणून ३७ अंशांवरचं बोट ४ अंशांच्या आसपास आणलं की हाताशी असलेला वेळ वाढतो. शल्यचिकित्सक साधारण असे आकडे धरून चालतात: बोट न गारवता सुमारे १२ तास, नीट गारवून सुमारे २४ तास. मनगटाच्या वर तुटलेला हात किंवा पाय मात्र न गारवता ६ तास आणि गारवून १२ तासांच्या आत जोडायला घ्यावा लागतो. हा फरक स्नायूंमुळे पडतो. बोटं हलवणारे मोठे स्नायू कोपराखालच्या हातात आणि तळव्यात असतात, बोटात फक्त हाड, कातडी, कंडरा, नसा आणि रक्तवाहिन्या. स्नायू सगळ्यात आधी मरतो, आणि मेलेल्या स्नायूत रक्त पुन्हा खेळवलं की त्यातलं पोटॅशियम आणि इतर घातक द्रव्यं अंगभर पसरून हृदय आणि मूत्रपिंडं धोक्यात येतात. मोठ्या भागाच्या बाबतीत म्हणूनच ‘अजून थोडा वेळ चालेल’ हा हिशेब कधी करू नये.

थंडाव्याने किती फरक पडतो याचं टोकाचं उदाहरण तैवानमधलं आहे. तिथल्या वेई फू-चान यांच्या पथकाने १९८८ मध्ये एकाच रुग्णाची तीन बोटं ८४, ८६ आणि ९४ तास थंड राहिल्यावरही जोडल्याचं प्रसिद्ध केलं. हा अपवाद आहे, त्यावर वेळापत्रक बांधायचं नाही. पण थंड ठेवलेल्या बोटाला उशीर झाला म्हणून ते टाकून देऊ नये, हे त्यातून नक्की कळतं. जोडायचं की नाही हे सर्जन ठरवतील. चेंगरलेला, मळलेला, अगदी निरुपयोगी वाटणारा तुकडाही सोबत न्यावा. तो जसाच्या तसा जोडता आला नाही तरी त्यातली कातडी, नस किंवा हाड दुसऱ्या बोटासाठी वापरता येतं.

आता पाकिटातली एकेक वस्तू.

आतली पिशवी हा या पाकिटाचा गाभा. तिचं एकच काम: तुटलेला भाग आणि बर्फाचं पाणी यांची गाठ पडू न देणं. साध्या पाण्यात भिजत पडलेली ऊती पाणी शोषून फुगते, कातडी पांढरी आणि लिबलिबीत होते. बोटातली रक्तवाहिनी जेमतेम एक मिलिमीटरची. ती सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने शिवायची असते. फुगलेल्या ऊतीत तिचं टोक शोधणं आणि टाका धरवणं अवघड होऊन बसतं. त्यामुळे आतली पिशवी गळली तर बाकी सगळं बरोबर करूनही नुकसान होतं. विकत घेताना पाकीट फोडून पाहता येत नाही, तेव्हा सरावासाठी एक जादा घ्यावं. आतल्या पिशवीत अर्धी उंची पाणी भरून तोंड बंद करा, उलटी धरून दाबा आणि पाच मिनिटं कोरड्या कागदावर ठेवा. झिपच्या दोन्ही टोकांना आणि तळाच्या शिवणीला ओल आली तर ती जात बाद. नुसत्या झिपपेक्षा तोंड दोन-तीनदा गुंडाळून तारेने वळवायची पिशवी आम्हाला जास्त भरवशाची वाटते. रक्ताने निसरड्या झालेल्या हातमोज्यांनी झिप दाबली की ती बसल्यासारखी वाटते आणि एखादा इंच उघडी राहते. गुंडाळी उघडी राहिली तर डोळ्यांना दिसते.

पिशवी निर्जंतुक असल्याचा गाजावाजा पाकिटावर बराच असतो. त्याला फार महत्त्व देऊ नये. यंत्रातून पडलेलं बोट आधीच मळलेलं असतं, आणि दवाखान्यात ते पुन्हा स्वच्छ केलंच जातं. नवी, स्वच्छ, न गळणारी पिशवी पुरते. निर्जंतुक वेष्टन दोन हातांनी जोर लावून फाडावं लागत असेल तर ते उलट गैरसोयीचं, कारण मदत करणाऱ्याचा एक हात बहुतेक वेळा रुग्णाच्या जखमेवर दाबलेला असतो. पाकीट एका हाताने आणि दातांशिवाय उघडतं का, हे सरावाच्या पाकिटावर पाहाच.

गॉजचे तुकडे बहुतेक पाकिटांत पुरेसे असतात. एका बोटाला १० सेंटिमीटर चौरस आकाराचे दोन तुकडे भागतात, पंजाला आठ-दहा लागतात. कापूस नको. त्याचे तंतू जखमेला चिकटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून काढावे लागतात. गॉज सलाइनमध्ये भिजवून पिळून घ्यायचं. ओलसर हवं, टपटपणारं नको. इथेच बहुतेकांची चूक होते. जितकं ओलं तितकं बरं असं वाटतं, आणि मग तुकडा पिशवीत साचलेल्या द्रवात तरंगायला लागतो. कोरडं ठेवणंही तितकंच वाईट, कारण उघडी टोकं सुकून कडक होतात.

सलाइन नसलेलं पाकीट अर्धवट समजावं. बोट धुवायला आणि गॉज ओलावायला ०.९ टक्क्यांचं १०० मिलिलिटर सलाइन पुरतं, पंजासाठी ५०० मिलिलिटर ठेवा. पिळून टाकायच्या छोट्या प्लास्टिक कुप्या उत्तम, एका हाताने मान मोडता येते. धुणं म्हणजे वरची माती, भुसा, धातूचा कीस ओघळून जाईल इतकंच. घासायचं नाही, आतले कण चिमट्याने टोकरायचे नाहीत, लोंबणारे पांढरे धागे कापायचे नाहीत. ते धागे म्हणजेच नसा आणि कंडरा. सलाइन संपलं असेल तर पिण्याच्या स्वच्छ पाण्याने झटकन धुऊन घ्या आणि गॉज त्याच पाण्याने ओलं करून घट्ट पिळा. पर्याय दुय्यम आहे, पण सलाइन शोधत वीस मिनिटं घालवण्यापेक्षा बरा.

पाकिटात कधीकधी जंतुनाशकाची पुडी मिळते. ती माणसाच्या जखमेसाठीही सर्जन पाहीपर्यंत बाजूला ठेवा, आणि तुटलेल्या भागाला तर लावूच नका. पोव्हिडोन आयोडीनने कातडीचा रंग बदलतो आणि ऊती जिवंत आहे की नाही हे डोळ्यांनी ओळखणं कठीण होतं. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड उघड्या पेशींना सरळ इजा करतात. हळद, मलम, साबण यांतलं काहीही नको. दुधात ठेवण्याचा सल्ला पडलेल्या दातासाठी आहे. तो बोटाला लावला जातो ही नेहमीची गफलत, आणि आमच्या पाहण्यातल्या सूचनापत्रांनी ती एका ओळीत दूर करायला हवी होती.

आता थंड पॅक. पाकिटावरच्या चित्रात सगळ्यात मोठा तोच दिसतो. आत पाण्याची एक कुपी आणि युरिया किंवा अमोनियम नायट्रेटचे दाणे असतात. कुपी फुटली की दाणे पाण्यात विरघळतात आणि विरघळताना उष्णता ओढून घेतात. मुरगळलेल्या घोट्यासाठी ही सोय ठीक. इथे ती का कमी पडते, ते साध्या हिशेबाने दिसतं. १०० ग्रॅम युरिया विरघळताना सुमारे २५ किलोज्यूल उष्णता शोषतो. त्यातली जवळपास निम्मी पॅकमधलं स्वतःचं पाणी गार करण्यातच खर्च होते. तुटलेला पंजा ४५० ग्रॅमचा धरला तर तो ३७ वरून ४ अंशांवर आणायला सुमारे ५० किलोज्यूल काढून घ्यावे लागतात. म्हणजे पॅक सुरुवातीलाच हरतो. वीस ग्रॅमच्या बोटाला दोन-अडीच किलोज्यूल पुरतात, तेवढं त्याला जमतं. पण दाणे विरघळून संपले की थंडावा तयार होणं थांबतं आणि पॅक भोवतालच्या तापमानाकडे चढू लागतो. प्रवास काही तासांचा, पॅक काही मिनिटांचा.

याउलट अर्धा किलो बर्फ वितळताना सुमारे १६७ किलोज्यूल शोषतो, आणि शेवटचा खडा वितळेपर्यंत त्याच्याभोवतीचं पाणी शून्याच्या आसपासच राहतं. त्याला ना बटण लागतं, ना वापराची मुदत असते. पॅकमधलं रसायन गळून आतल्या पिशवीला लागण्याची भीतीही नाही. म्हणून पाकिटातला पॅक फक्त पहिल्या काही मिनिटांचा, बर्फ हाती येईपर्यंतचा आधार मानावा. तोही आतल्या पिशवीला थेट न टेकवता, मध्ये कापडाची घडी ठेवून.

बर्फाचं एक पथ्य मात्र कडक आहे. नुसते बर्फाचे खडे नकोत, बर्फ आणि पाणी निम्मं-निम्मं हवं. फ्रीझरमधून नुकताच काढलेला खडा उणे १८ अंशांचा असू शकतो. तो पिशवीला जिथे टेकेल तिथे ऊती गोठते. गोठताना पेशींत बर्फाचे स्फटिक तयार होतात आणि पेशींची आवरणं फाटतात. अशी रक्तवाहिनी शिवली तरी आतून खरवडलेली असते, तिच्यात गुठळी धरते. पाणी घातलं की खड्यांचं तापमान शून्यावर येतं आणि थंडावा चहूकडून सारखा लागतो. पिशवी आणि गॉजचा थर मध्ये असल्यामुळे आतलं बोट चार अंशांच्या आसपास स्थिरावतं. फ्रीझरमध्ये ठेवायचे जेल पॅक याच कारणाने धोक्याचे: दिसायला मऊ, स्पर्शाला सोयीचे आणि आतून उणे १८. कोरडा बर्फ उणे ७८ अंशांचा, त्याचा विचारही नको. बोट सरळ फ्रीझरमध्ये ठेवणं हा त्याच चुकीचा घरगुती अवतार.

बाहेरची पिशवी या कसोटीवर तपासा. बोटासाठीच्या पाकिटात ती किमान दोन लिटरची हवी, म्हणजे अर्धा किलो बर्फ आणि तेवढंच पाणी घालून वर बांधायला जागा उरते. चपटी, तळहाताएवढी बाहेरची पिशवी असलेली पाकिटं आम्ही नापास करू. त्यांत थंड पॅक सोडून काही मावत नाही, आणि तो पुरत नाही हे वर आलंच. पिशवीवर ‘तुटलेला भाग आत, बर्फ-पाणी बाहेर’ असं ठळक अक्षरांत किंवा चित्रात छापलेलं असावं. घाईत बर्फ आतल्याच पिशवीत ओतला जातो, कारण हाताला तीच आधी लागते. छापलेलं नसेल तर मार्करने स्वतः लिहून ठेवा.

पंजापुढच्या आकारांसाठी, म्हणजे कोपराखालचा हात किंवा पावलासाठी, पाकिटं अपुरीच पडतात. ‘मोठा आकार’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पिशवीत हात जातो, पण भोवती बर्फाला जागा राहत नाही. तिथे ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून जाड प्लास्टिकची न गळणारी मोठी पिशवी आणि बर्फ-पाण्याने भरलेला झाकणाचा डबा हाच खरा उपाय. जाड भाग वरून गार झाला तरी आतला स्नायू बराच वेळ कोमट राहतो, म्हणून थांबून गारवत बसायचं नाही, निघायचं.

सूचनांच्या कागदावर आमचा सगळ्यात मोठा आक्षेप आहे. तो सुरूच होतो तुटलेल्या भागापासून. पहिलं वाक्य माणसाबद्दल असायला हवं. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून थेट, सलग दाब द्यायचा आणि हात उंच धरायचा. बोटाच्या जखमेला बहुधा एवढं पुरतं, कारण पूर्ण तुटलेली धमनी आखडून आत सरकते. हाता-पायाचा रक्तस्राव दाबाने आवरतच नसेल तर जखमेच्या पाच-सात सेंटिमीटर वर, सांधा सोडून, टूर्निकेट (रक्त अडवणारा घट्ट पट्टा) बांधून वेळ लिहायची. रक्तवाहिनीला दोऱ्याने गाठ मारायची नाही की चिमटा लावायचा नाही. चिमटलेलं टोक नंतर कापून टाकावं लागतं, आणि तेवढी लांबी कमी पडते. माणसाला पांघरूण घाला. गार करायचं आहे ते बोट, माणूस नव्हे. भूल द्यायची असल्याने तोंडाने काही देऊ नका, पाण्याचा घोटसुद्धा नको. तुटलेल्या हाताच्या उरलेल्या बोटांतल्या अंगठ्या सूज चढण्याआधी काढा.

अर्धवट तुटलेल्या बोटाबद्दल तर बहुतेक कागद गप्प आहेत. कातडीच्या पट्टीवर लोंबणारं बोट ‘पिशवीत नीट बसावं’ म्हणून कापून वेगळं करायचं नाही. त्या पट्टीतून जाणारी एखादी शीर त्या बोटाचा जीव असू शकते. ते नैसर्गिक स्थितीत आणा, पीळ सोडवा, ओलसर गॉज गुंडाळा, खपच्चीचा आधार द्या आणि पट्टीवरून, कापडाच्या थरातून, बर्फ-पाण्याची पिशवी टेकवा. इथे पाकिटातली बाहेरची पिशवी एकटीही कामाला येते.

चिठ्ठी ही छोटी पण फार उपयोगाची वस्तू. नाव, अपघाताची वेळ आणि गार करायला सुरुवात केल्याची वेळ, या तीन गोष्टी तिच्यावर हव्यात. काही चिठ्ठ्यांवर वेळेचा एकच रकाना असतो, तो पुरेसा नाही. वर सांगितलेले १२ आणि २४ तास यांतलं कुठलं गणित लावायचं, हे त्या दोन वेळांतल्या अंतरावरून ठरतं. शाई ओल्याने पसरते, म्हणून न पुसणारा मार्कर पाकिटातच ठेवा आणि चिठ्ठी बाहेरच्या पिशवीच्या बाहेरून बांधा. पिशवी रुग्णासोबतच राहू द्या. वेगळ्या गाडीतून मागाहून पाठवलेली पिशवी भलत्याच दारात पोचते. निघण्याआधी फोन करून हात जोडणारं पथक त्या वेळी कुठे हजर आहे ते विचारा. जवळच्या दवाखान्यात जाऊन तिथून पुन्हा पाठवणी होण्यात तास जातात. हा फोन नंबर सूचनापत्रावर लिहायला मोकळी जागा असलेलं एकही पाकीट आमच्या नजरेत आलेलं नाही, तो पेटीच्या झाकणावर आतून चिकटवा.

तयार पाकीट न घेता स्वतः जमवलं तर? एक लिटरची आणि तीन लिटरची अशा दोन जाड झिपच्या पिशव्या, प्रत्येक आकाराची एक जादा, गॉजचे दहा तुकडे, सलाइनच्या २० मिलिलिटरच्या पाच-सहा कुप्या, मार्कर, दोऱ्याची चिठ्ठी, हातमोज्यांच्या दोन जोड्या. गारवण्याच्या कामात हे तयार पाकिटाच्या तोडीस तोड आहे, बाहेरच्या पिशवीच्या बाबतीत सरसच. तयार पाकिटाचा खरा फायदा असा की सगळं एकत्र, क्रमाने आणि ओळखू येईल अशा रंगात असतं. घाबरलेल्या माणसाला त्याची मदत होते. जिथे अनेक माणसं पाळ्यांमध्ये काम करतात तिथे आम्ही तयार पाकीट आणि त्याला दोरीने बांधलेलं जादा सलाइन सुचवू. एकट्याच्या सुतारशाळेत जमवलेलं पुरेल.

सरावाला एक गाजर घ्या. कोमट पाण्यात ठेवून ते ३७ अंशांवर आणा, ओलसर गॉजमध्ये गुंडाळा, बारीक तारेचा थर्मामीटर त्याला लागून ठेवा आणि आतली पिशवी बंद करा. एकदा पाकिटातला थंड पॅक लावून तासभर दर पाच मिनिटांनी आकडा लिहा, मग तेच बर्फ-पाण्यात करा. दोन रकाने शेजारी ठेवले की पॅकबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही. प्रयोग संपल्यावर गाजर उघडून पाहा. गॉज पिशवीतल्या पाण्यात तरंगत असेल तर पिळणं कमी पडलं, गाजराला कडक पांढरा डाग दिसला तर बर्फात पाणी कमी पडलं.

सलाइनच्या कुप्यांवरची आणि थंड पॅकवरची मुदत वर्षातून दोनदा पाहा. दाणे ओल धरून दगडासारखे झालेला पॅक दाबूनही थंड होत नाही, तो बदला. पाकीट उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या कपाटात ठेवू नका, पिशवीचं प्लास्टिक शिवणीवर ठिसूळ होतं. आणि सगळ्यात जवळचा बर्फ कुठल्या फ्रीझरमध्ये आहे, त्याची किल्ली कोणाकडे असते, हे पाकिटाच्या वरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.